लेकीच्या आफ्रो केसांची निगा कशी राखू? (आजीच्या खोबरेल तेलाने भागत नाहीये)

केतकी_मेरीलँड

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल द्याघ्या.

मी साताऱ्याची, नवरा ब्लॅक अमेरिकन, बाल्टिमोरचा. लेक ५ वर्षांची आणि केस अगदी बाबाच्या घराण्यावर गेलेत, म्हणजे पेनातल्या स्प्रिंगसारखी बारीक बारीक वेटोळी, ओले असताना खांद्यापर्यंत येतात आणि वाळले की कानाच्या वर. आत्तापर्यंत दर रविवारी सासूबाई करायच्या, तास दोन तास तिला मांडीशी घेऊन बसायच्या, मी तेवढ्यात स्वयंपाक उरकायचे. मागच्या वर्षी त्या गेल्या आणि तेव्हा कळलं की मी एकदाही नीट बघितलंच नव्हतं. नवऱ्याला विचारून उपयोग नाही, त्याच्या डोक्यावर आयुष्यभर मशीन फिरलंय.

सध्या माझी आई आलीय सहा महिने. तिची पद्धत म्हणजे खोबरेल तेल थापायचं, बारीक दातांच्या फणीने खसाखसा विंचरायचं आणि घट्ट वेणी. तेल वर नुसतं चकाकतं, खाली केस कोरडे ते कोरडेच, आणि रडारड एवढी की शेजारचे पोलीस बोलावतील. परवा लेक म्हणाली, आई मला तुझ्यासारखे केस दे ना. तेव्हापासून झोप नाही नीट.

तर किती वेळा धुवायचे, काय लावायचं, गुंता कसा काढायचा, रात्री काय करायचं, सगळंच सांगा. फक्त स्ट्रेटनिंग कर असं कुणी सांगू नका प्लीज.

मिनी_माऊस

शिकेकाई, रिठा, आवळा उकळून त्याने धू, एकदम मऊ होतात. माझे केस कुरळे आहेत, अनुभव आहे.

ह्यूस्टनची_वहिनी

मिनी, रागावू नकोस पण हा सल्ला इथे चालायचा नाही. आपले कुरळे केस आणि हे केस यात फरक आहे. शिकेकाई-रिठ्याने तेल निघून जातं, आणि इथे मुळात तेलाचीच मारामार आहे.

केतकी, माझी दोन मुलं, १२ वर्षं हेच करतेय, सगळ्या चुका करून झाल्यात. आधी एक गोष्ट समजून घे, बाकी सगळं आपोआप सुचतं. आपल्या डोक्यातून निघणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, पण या केसाला पावलोपावली वळण, त्यामुळे ते मुळाशीच राहतं आणि टोकं कोरडी पडतात. शिवाय जिथे वळण तिथे केस नाजूक, ओढला की तुटला. म्हणजे दोनच कामं, ओलावा टिकवणं आणि ओढाओढ न करणं.

त्यामुळे कोरडे केस कधीही विंचरायचे नाहीत. फणी कचऱ्यात टाक. (आई झोपल्यावर टाक.) स्प्रेच्या बाटलीत पाणी, केसांचे चार किंवा सहा भाग करून क्लिपा, एकेक भाग भिजवायचा, भरपूर निसरडा कंडिशनर चोळायचा, आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवायच्या, मग रुंद दातांचा कंगवा, तोही टोकाकडून सुरू करून हळूहळू मुळाकडे. आपण सगळे वरून खाली विंचरतो ना, तिथेच गुंत्याची गाठ पक्की होते आणि पोर रडते. झालेला भाग पिळून क्लिप लावायची आणि पुढचा घ्यायचा.

धुणं आठवड्यातून एकदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा, इथल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही तेच म्हणणं आहे. शाम्पू फक्त टाळूला. कंडिशनर दर वेळी, त्यात काटकसर नाही. मग केस ओले असतानाच लीव्ह-इन (न धुता केसांतच ठेवायचा कंडिशनर), त्यावर थोडं तेल, त्यावर क्रीम. काही जणी तेल शेवटी लावतात, दोन्ही करून बघ. तेल स्वतः ओलावा देत नाही, आहे तो कोंडून ठेवतं, म्हणून कोरड्या डोक्यावर थापलं की तुझ्याकडे होतं तेच होतं. आमच्याकडे शिया बटर आणि जमैकन एरंडेल चालतं, म्हणजे एरंडाच्या बिया भाजून काढलेलं काळं एरंडेल, वास उग्र आहे.

आणि वाळल्यावर केस आखडतात त्याला इथे श्रिंकेज म्हणतात, तो दोष नाही गं, वेटोळं धडधाकट असल्याची खूण आहे.

पेठेतला_पाहुणा

अवांतर : खोबरेल तेलाला एवढं बदनाम करू नका. मॅरिकोच्या संशोधकांनी २००३ मध्ये पेपर छापला होता, खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना प्रथिनं कमी जातात, सूर्यफुलाच्या तेलाने तसं होत नाही. आता हे तेल विकणाऱ्यांनीच काढलंय हे लक्षात ठेवून वाचा. पण धुण्याच्या आधी अर्धा तास लावून मग धुवा, आजीचाही मान राहील.

टेम्सकाठची

लंडनहून. माझी घरमालकीण नायजेरियन, तिच्या तीन मुलींचे रविवार मी चार वर्षं बघितलेत, त्यावरून सांगते. रात्री सॅटिनचं बॉनेट (केस झाकणारी सैल टोपी) घालच, सुती अभ्रा ओलावा शोषून घेतो आणि घासून केस तुटतात, ही अर्धी लढाई आहे. दुसरं, तू रोज केस सोडून ठेवतेस का? तिच्या मुलींचे रविवारी ट्विस्ट नाहीतर कॉर्नरो (टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या) घातले की पुढचा रविवार येईपर्यंत कुणी हात लावत नसे, फक्त सकाळी पाण्याचा फवारा.

ते ४ ए, ४ बी, ४ सी वगैरे केसांचे प्रकार वाचशील, मूळ वर्गवारी टीव्हीवाल्या ओप्रा विन्फ्रीचे हेअरस्टायलिस्ट आंद्रे वॉकर यांची, ४ सी नंतर इतरांनी जोडला. त्यात फार अडकू नकोस, एकाच डोक्यावर तीन प्रकार सापडतात. महागड्या बाटल्या घेण्याआधी जवसाचं जेल कर : पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखं झालं की गरम असतानाच गाळायचं. मी गार होऊ दिलं होतं, शेवटी बियांसकट फेकलं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं.

त्वचेची_डॉक्टर

एकच मुद्दा, घट्ट वेणीचा. कपाळाजवळचे आणि कानावरचे केस सतत ताणले गेले तर तिथे विरळ होतात, ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात, सुरुवातीला थांबवलं तर भरून येतं, वर्षानुवर्षं चाललं तर नाही. ब्रेड्स घालताना पोर दुखतंय म्हणाली किंवा मुळाशी पुटकुळ्या दिसल्या तर लगेच सोडा. जास्तीचे केस जोडलेल्या वेण्या इतक्या लहान वयात नकोच.

स्ट्रेटनिंगला नाही म्हणालात ते बरंच केलंत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात ३३,४९७ बायका होत्या, सुमारे ११ वर्षं पाठपुरावा. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण अडीच पट आढळलं. घाबरून जाऊ नका, मूळ धोका कमीच असतो, वयाच्या ७० पर्यंत १.६४ टक्के, तो ४.०५ वर गेला. आणि हा संबंध आहे, कारण सिद्ध झालंय असं नाही. पण लहान मुलीला कशाला.

खवचट_काका

आजींना एवढंच सांगा की उद्या नातीने लॉक्स (ड्रेडलॉक्स) ठेवले तर 'जट आली' म्हणून देवीला नवस बोलू नका. आपल्याकडे अंनिसचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन बायकांच्या जटा सोडवतात कारण त्या देवीच्या धाकाने धुवायचीही चोरी असते. लॉक्स माणूस स्वतः ठरवून, भाग पाडून, धुऊन, निगा राखून वाढवतो. दिसायला सारखं म्हणून एका पारड्यात टाकू नये.

ह्यूस्टनची_वहिनी

काका आज चक्क कामाचं बोलले!

केतकी, शाळेत काही कुरकुर झाली तर माहीत असू दे, केसांच्या पोतावरून किंवा वेण्या-लॉक्सवरून भेदभाव नको म्हणून क्राउन कायदा आहे, कॅलिफोर्नियाने २०१९ ला पहिल्यांदा केला, मेरीलँडने २०२० ला. आणि केसांवरून बायकांना दाबणं आजचं नाही. १७८६ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरने न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांना केस फडक्याखाली झाकायचा हुकूम काढला, तर त्यांनी असे भडक रंगीत रुमाल झोकात बांधले की तीच फॅशन झाली. लेकीला हे गोष्ट म्हणून सांग, माझीला फार आवडते. आणि वेटोळ्या केसांची बाहुली आण घरात.

केतकी_मेरीलँड

मंडळी, कालचा रविवार रिपोर्ट! सव्वादोन तास लागले, दोन कार्टून पिक्चर संपले, रडणं एकदाच आणि तेही पॉपकॉर्न संपले म्हणून. कंडिशनरची अर्धी बाटली गेली. ट्विस्ट मला जमेनात, सगळे सुटत होते. आई पाच मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, अगं हा तर दोन पेडांचा पीळ, सरक तिकडे. चौदा ट्विस्ट घातले तिने, सैल, टोकाला रंगीत मणी. आज शाळेत जाताना लेक मुद्दाम मान हलवून मणी वाजवत होती. सासूबाई पण मणी घालायच्या.

आता एकच अडचण, बॉनेट रात्री निघतं आणि सकाळी पलंगाखाली सापडतं.

टेम्सकाठची

सगळ्यांचंच निघतं. आत सॅटिनचा स्कार्फ बांध आणि उशीलाही सॅटिनचा अभ्रा घाल, म्हणजे निघालं तरी चालतंय.

पेठेतला_पाहुणा

अभ्रा विकत कशाला? आजींच्या बॅगेत साडीखालचा सॅटिनचा परकर असेलच एखादा. दोन अभ्रे निघतील.