प्रतिसाद: कातिन विसरणं सोपं नाही

"कातिनला 80 वर्षं उलटली, पोलिश लोकांनी आता ते उगाळणं सोडावं" असं वर म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. 1940 मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांनी रशियातल्या कातिनच्या जंगलात आणि आणखी काही ठिकाणी सुमारे 22,000 पोलिश अधिकारी, पोलीस, डॉक्टर मारले. पण खरा सल त्यापुढचा आहे. पन्नासेक वर्षं मॉस्को 'हे जर्मनांनी केलं' म्हणत राहिलं, कबुली आली ती थेट 1990 मध्ये. तोवर पोलंडमधल्या घरच्यांना थडग्यावर मृत्यूचं साल 1940 कोरायचीही चोरी होती. कारण जर्मन कातिनला पोचले 1941 ला. नुसत्या सालावरून मारेकरी कोण ते उघड व्हायचं.

आणि हे आपल्यापासून वाटतं तेवढं लांब नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 सुमारे 5,000 पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका-मुलं. स्टालिनने सायबेरिया-कझाकस्तानात हद्दपार केलेली, तिथून कशीबशी सुटलेली. पोलंड जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता, तरी युद्धानंतर यातल्या कितीतरी जणांना घरी परतता आलं नाही, कारण पूर्व पोलंडमधली त्यांची गावंच सोव्हिएत युनियनमध्ये गेली होती. त्यांची मुलं-नातवंडं आज इंग्लंड, ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांना 'विसरा' म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.