चार्ज भरपूर, तरी इलेक्ट्रिक गाडी सुरू होईना

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुख्य बॅटरीत ७० टक्के चार्ज असूनही गाडी सुरू होत नाही; डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात आणि आतून नुसती टकटक ऐकू येते. दोष कुठे शोधावा?

उत्तर १: संशय १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर घ्यावा, कारण मुख्य बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच) या छोट्या बॅटरीच्याच विजेवर चालतात. गाडी काही तास बंद ठेवून तिला मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचे यंत्र) लावा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. १२ च्या खाली असेल, तर ती उतरलीच समजा. मुख्य बॅटरीच्या उच्च दाबाच्या नारिंगी केबलला मात्र हात लावू नये.

प्रश्नकर्ता: ११.४ दिसतात. म्हणजे थेट नवीच आणावी का?

उत्तर २: आपल्याकडच्या मे महिन्यात या बॅटऱ्या लवकर थकतात हे खरे, तरीही आधी ती बाहेरून चार्ज करून गाडी सुरू करावी, आणि तेव्हाही व्होल्टेज १३ च्या वर चढले नाही, तर मुख्य बॅटरीच्या विजेवर छोटी बॅटरी चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर तपासून घ्यावा.