काळ्या कव्हरचं पुस्तक कुणाकडं आहे? (आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप)

१०२ काका: नमस्कार. तळमजल्याच्या कपाटातला काळ्या कव्हरचा थ्रिलर २१ दिवस झाले ३०४ मध्ये आहे. वहीत सही आहे. नियम १५ दिवसांचा आहे.

४०१ वहिनी: काका, डेंग्यू झालाय वो त्यांना. अंथरुणात आहेत.

१०२ काका: आजारपणाबद्दल सहानुभूती आहेच. पण ताप ४ दिवसांचा आणि पुस्तक २१ दिवसांचं. आधीच्या १७ दिवसांचं काय?

२०४ अक्का: ३०४, काकांचं मनावर घेऊ नका, पुस्तक वाचा. पण तापात सलग बसू नका. अंगात ताप असला की चार नावंसुद्धा डोक्यात थांबत नाहीत, आणि त्यात दोन निवेदक नि दोन काळ आहेत. खूण म्हणून जाड कागदाची चिठ्ठी ठेवा. तीन रकाने पाडा: नाव, कुणाचा कोण, खोटं काय बोलला. तिसरा रकाना भरत गेलात की खरी मजा. चांगला लेखक खोटेपणा लपवत नाही, समोरच मांडतो, फक्त आपलं लक्ष चहाच्या कपाकडं असताना.

२०२ मेडिकल: वाचायची वेळ सांगतो. पॅरासिटामॉल घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरायला लागतो, पुढचे दोनेक तास डोकं बरं चालतं. तेव्हाच वाचा. ५०० ची गोळी असेल तर दोन डोसांत किमान ४ तास, दिवसात ८ गोळ्यांच्या वर नाही, डॉक्टरनी कमी सांगितली असेल तर कमीच. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच औषध असतं, ते धरून मोजा. अंगदुखीला आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव होऊ शकतो.

३०१ मामा: आम्ही पुस्तक विचारालोय, तुम्ही दुकान उघडलं 😄

२०२ मेडिकल: मामा, थट्टा राहू दे. ताप उतरला की लोक उठून बसतात, आणि डेंग्यूत पुढचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून रक्त, यातलं एक जरी दिसलं तरी खुनी कोण ते नंतर बघा, आधी दवाखाना.

५०१ सर: झोपून तपास करायची परंपरा जुनी आहे. जोसेफिन टे यांच्या १९५१ च्या कादंबरीतला इन्स्पेक्टर पाय मोडून दवाखान्यात पडलेला असतो. छत बघून कंटाळतो आणि इंग्लंडमध्ये १४८३ साली नाहीशा झालेल्या दोन राजपुत्रांचा छडा पलंगावरूनच लावायला घेतो.

१०२ काका: सर, ते पुस्तक त्यांनी १५ दिवसांत परत केलं होतं काय? नियम १५ दिवसांचा आहे.

२०४ अक्का: प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटू नका, ही चूक सगळेच करतात. शेवटच्या दोन ओळींत गळ टाकलेला असतो, मग रात्री दोनपर्यंत डोळा लागत नाही. पुढच्या प्रकरणाची दोन पानं वाचा आणि मध्येच थांबा. दिवा डोक्यामागं डाव्या खांद्यावर, पिवळा. पुस्तक हातात धरू नका, मनगटं दुखतात. पोटावर उशी घ्या, तिच्यावर पारायणाला पोथी ठेवतो ते लाकडी घडीचं स्टँड ठेवा नि त्यावर पुस्तक.

१०४ काकू: पोथीच्या स्टँडवर खुनाचं पुस्तक? शोभतं काय? आणि परत आलं की सॅनिटायझर मारा बाई त्याला.

२०२ मेडिकल: काकू, डेंग्यू पुस्तकातून नाही, डासातून येतो. सॅनिटायझरनं पानं फुगतील, शाई फुटेल. मारायचंच तर गच्चीवरचं निळं बॅरल घासा. पाणी रोज येत नाही म्हणून साठवतो, ठीक आहे. पण उघडं ठेवलं तर अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. आठवड्यातून एकदा ब्रशनं घासायचं, झाकण घट्ट.

५०२: बॅरल कुणाचं ते शेवटच्या पानावर कळेल 😂

३०१ मामा: तसंच हे. खून त्या डॉक्टरनंच केलाय, मला १२ व्या प्रकरणातच कळलं.

४०१ वहिनी: मामा!!! डिलीट करा आधी.

२०४ अक्का: उपयोग नाही, निळी खूण आलीय. ३०४, तरी वाचा. असल्या पुस्तकात ‘कोण’पेक्षा ‘का’ मोठं असतं. खुनी माहीत असला की त्याचं प्रत्येक साधं वाक्य जास्त भिववतं.

३०१ मामा: चुकून गेलं वो. एवढं काय त्यात.

३०४: मामा, डॉक्टर ९ व्या प्रकरणात मरतो. तुम्ही वाचलंय कुठं?

५०२: 😂😂😂

४०१ वहिनी: [फोटो] गच्चीवरून आले. बॅरल उघडं आहे, आत अळ्या वळवळालेत. बाहेर पांढऱ्या रंगानं ‘१०२’ लिहिलंय.

सेक्रेटरी: उद्या ११ वाजता टाकी धुणार. पाणी भरून घ्या, झाकून ठेवा.

१०२ काका: बॅरलचा विषय वेगळा आहे, मीटिंगला घ्या. मूळ मुद्दा पुस्तकाचा. नियम १५ दिवसांचा आहे.