माल गेला नाही, तर अ‍ॅडव्हान्स कुणाचा? नोव्हाव्हॅक्सचा वाद आणि आपला धंदा

टॉवेलवाला (अक्कलकोट रोड)

नोव्हाव्हॅक्सच्या वादाच्या बातम्या मी पहिल्यापासून वाचतोय. कंपनी अमेरिकेतली, माल लशीचा, पण भांडण आपल्या टॉवेलच्या मागावरचंच आहे, म्हणून इथे मांडतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गावी ही जिनिव्हाची संस्था गरीब देशांना लसी मिळवून देते. मे २०२१ मध्ये तिने नोव्हाव्हॅक्सशी कोरोनाच्या लशीच्या ३५ कोटी डोसचा करार केला आणि एकूण ७० कोटी डॉलर आगाऊ मोजले. कंपनीचं उत्पादन अडखळलं. जागतिक आरोग्य संघटनेची मंजुरी यायला डिसेंबर २०२१ उजाडला. तोवर इतर लसी बाजारात आल्या होत्या आणि गावीने नोव्हाव्हॅक्सचे डोस फारसे उचललेच नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘तुम्ही ठरलेला माल घेतला नाही’ असं म्हणून कंपनीने करार मोडला आणि पैसे ठेवून घेतले. जानेवारी २०२३ मध्ये गावी लवादात गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये तडजोड झाली ती अशी: ७.५ कोटी लगेच, मग २०२८ पर्यंत दरवर्षी ८ कोटी, आणि उरलेले २२.५ कोटींपर्यंत लशीच्या रूपात वळते करायचे.

माझं म्हणणं सरळ आहे. सगळे पैसे रोख परत द्यायला हवे होते. ज्याला लस नको झालीय त्याला लशीच्याच रूपात परतफेड कसली करताय?

मी हे फुकट बोलत नाही. २०२१ मध्ये सुताचे भाव दर पंधरवड्याला चढत होते. मी एका व्यापाऱ्याकडून चार लाख अ‍ॅडव्हान्स घेतला होता आणि जुन्या भावात टॉवेल देणं मला झेपलं नाही. तारीख गेली. त्याने दुसरीकडून माल उचलला. मी दोन माग विकून त्याचे पैसे परत केले. ते माग जिथे होते तिथे फरशीतून बोल्ट अजून वर आलेले आहेत, रोज येता-जाता दिसतात. वाईट वाटतं, पण तो पैसा माझा नव्हता.

निर्यातवाला (एमआयडीसी)

मालक, तुमचा मान ठेवून सांगतो, पटलं नाही.

तुम्ही माल देऊ शकला नाहीत, म्हणून पैसे परत केलेत. माझं उलटं झालं. एका परदेशी हॉटेलची ऑर्डर होती, किनारीत हॉटेलचं नाव विणायचं होतं. जकार्डचं डिझाइन पाडलं, सूत रंगवून आणलं, बीम चढवले. अर्धा माल विणून झाल्यावर निरोप आला की थांबा, हॉटेल बंद आहे. आता दुसऱ्याचं नाव विणलेला टॉवेल कोण घेणार सांगा? नव्या पेठेत फुटपाथवरसुद्धा जात नाही. ते गठ्ठे आजही माझ्या गोडाऊनमध्ये आहेत. मग तो अ‍ॅडव्हान्स मी परत द्यायचा होता का?

लशीचं तर त्याहून वाईट, तिला एक्स्पायरी असते. आपल्या पुण्याच्या सीरमचंच बघा. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी कोव्हिशील्डचं उत्पादन थांबवलं आणि पुढे अदर पूनावालांनीच सांगितलं की त्या साठ्यातले सुमारे १० कोटी डोस मुदत संपून गेले. माल तयार होता, पण मागणी गेली. गावीने ३५ कोटींचा शब्द दिला म्हणून कंपनीने जगभर जागा अडवून ठेवली. टेक्सासमधल्या फुजीफिल्मच्या कारखान्यातलं लशीचं काम बंद केलं, तर नोव्हाव्हॅक्सला त्यापोटी फुजीफिल्मला १८.५ कोटी डॉलरपर्यंत देण्याचं कबूल करावं लागलं. तो पैसा कुठून यायचा?

क्यूसी, चिंचोली

मी औषधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, म्हणून एवढंच बोलतो. ‘माल तयार होता’ असं म्हणताना जरा थांबा. टॉवेल हातात घेतला की वजन कळतं, पाणी शोषतो का तेही कळतं. लशीचं तसं नाही. नोव्हाव्हॅक्सची लस प्रथिनाची आहे, पतंगाच्या पेशींमध्ये वाढवलेली. छोट्या टाकीत जमलेली गोष्ट मोठ्या टाकीत तशीच जमेल याची खात्री नसते, आणि एकाच वेळी अमेरिका, चेक प्रजासत्ताक, कोरिया, पुणे इथे करायची म्हणजे प्रत्येक ठिकाणचा बॅच सारखाच आहे हे सिद्ध करावं लागतं. ते सिद्ध होईपर्यंत कुपीत भरलेला माल हा माल नसतो. आमच्याकडे असे ड्रम पिवळं लेबल लावून वेगळे ठेवतात. सही झाल्याशिवाय कोणी हात लावत नाही, मालक स्वतः आला तरी नाही.

म्हणजे २०२१ मध्ये उशीर कंपनीकडून झाला. निर्यातवाले अण्णा, तुमचा टॉवेल वेळेवर विणून होत होता. हा फरक मोठा आहे.

काळा कोट

वकील म्हणून दोन गोष्टी. दोन्ही बाजू ‘अ‍ॅडव्हान्स’ हा एकच शब्द वापरताय, पण आपल्या कायद्यातसुद्धा बयाणा (सौदा पक्का केल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम) वेगळा आणि किमतीपोटी आगाऊ दिलेली रक्कम वेगळी. करार मोडल्यावर बयाणा जप्त होऊ शकतो, पण करार कायद्याच्या कलम ७४ खाली नुकसान झालेलं असावं लागतं, असं सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं आहे. किमतीपोटी दिलेली रक्कम मात्र साधारणपणे परत करावी लागते. गावीचा वाद भारतीय कायद्याखाली नव्हता, हे खरं. पण प्रश्न तोच: पैसे कारखान्यांची क्षमता राखून ठेवण्यासाठी दिले होते की डोसच्या किमतीपोटी?

दुसरं म्हणजे वेळ. युरोपीय संघ आणि ॲस्ट्राझेनेकाचं भांडण आठवा. ३० कोटी डोस जून २०२१ अखेर द्यायचे होते, प्रत्यक्षात गेले सुमारे १० कोटी. कंपनी म्हणाली, आम्ही ‘वाजवी ते सर्वोत्तम प्रयत्न’ करण्याचा शब्द दिला होता, तारखेचा नाही. ब्रसेल्सच्या कोर्टाने १८ जून २०२१ रोजी सप्टेंबरअखेरपर्यंत ५ कोटी डोस द्यायला सांगितलं, न दिल्यास डोसमागे १० युरो दंड. दोन्ही बाजूंनी आपणच जिंकलो म्हणून जाहीर केलं आणि सप्टेंबरात समेट केला. करारातले तीन-चार शब्द एवढे महाग पडतात.

शेअरवाला, होटगी रोड

सगळे खरेदीदाराबद्दल बोलताय, आमच्याबद्दल कोणी बोलत नाही. जानेवारी २०२० मध्ये नोव्हाव्हॅक्सचा शेअर ४ डॉलरच्या आसपास होता, फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०० च्या वर गेला. मी ॲपवरून २१० ला घेतला, थोडेच, पण माझ्या पगारातून घेतले. २८ फेब्रुवारी २०२३ ला कंपनीने स्वतःच सांगितलं की पुढे चालू राहण्याबद्दल शंका आहे, आणि भाव १० डॉलरच्याही खाली गेला. टॉवेलवाले काका म्हणतात तसे सगळे पैसे त्याच वर्षी रोख द्यायला लावले असते तर कंपनीच बुडाली असती. मग गावीलाही काही मिळालं नसतं आणि आम्हालाही नाही.

उत्पादनातल्या अडचणी दडवल्या म्हणून भागधारकांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये मेरीलँडच्या संघीय कोर्टात दावा लावला. तो ४.७ कोटी डॉलरवर मिटला. निदान तिथे दावा तरी होतो. सत्यम या आयटी कंपनीचा हिशेबाचा घोटाळा जानेवारी २००९ मध्ये फुटला, तेव्हा अमेरिकेतल्या भागधारकांना कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर आणि तिच्या ऑडिटरकडून २.५५ कोटी डॉलर मिळाले. माझ्या वडिलांकडेही सत्यमचे शेअर होते. त्यांना काहीच मिळालं नाही. त्यांनी ती कागदपत्रं आजही ट्रंकेत जपून ठेवली आहेत. आपल्या कंपनी कायद्यात भागधारकांनी एकत्र दावा लावण्यासाठी कलम २४५ आणलं, पण ते लागू व्हायला २०१६ उजाडलं.

टॉवेलवाला (अक्कलकोट रोड)

शेअरवाले बाळा, तुझ्या वडिलांबद्दल खरंच वाईट वाटलं. पण एक बघ. ते ४.७ कोटी कुणी दिले? अशा दाव्यांत पैसा कंपनीच्या किंवा विम्याच्या खिशातून जातो आणि तडजोडीत चूक कबूल केलेली नसते. ज्यांनी अडचणी दडवल्याचा आरोप आहे, त्यांच्या घरातलं काही जात नाही. दावा असावा याला माझी ना नाही, पण न्याय झाला असं म्हणू नकोस.

क्यूसींनी सांगितलेलं मी धरून चाललोय. पिवळं लेबल असलेला ड्रम दाखवून ‘माल तयार होता, तुम्ही उचलला नाही’ म्हणायचं?

आणि कंपनी बुडाली असती म्हणतोस. मे २०२४ मध्ये सनोफी या फ्रेंच औषध कंपनीने नोव्हाव्हॅक्सशी करार केला, ५० कोटी डॉलर हातात दिले. तडजोडीला तीन महिनेही झाले नव्हते. थोडं थांबून सगळं रोख देता आलं असतं.

निर्यातवाला (एमआयडीसी)

सनोफी येणार हे फेब्रुवारीत लवादापुढे कोणाला सांगता आलं असतं? तडजोड होते ती त्या दिवशीच्या तिजोरीवर.

आणि वकिलांच्या प्रश्नाला उत्तर द्या मालक. ते ७० कोटी दोन हप्त्यांत गेले. ३५ कोटी सही झाल्यावर, आणि ३५ कोटी आरोग्य संघटनेची मंजुरी आल्यानंतर, २०२२ च्या सुरुवातीला. पहिला हप्ता गेला तेव्हा लस नव्हती, मंजुरी नव्हती, गावीला हे पक्कं माहीत होतं. तो जुगार दोघांनी मिळून खेळला. गावीने हिंमत केली, त्याचा मला आदरच आहे, पण हरल्यावर एकट्या विणकराकडे बोट दाखवायचं नाही.

टॉवेलवाला (अक्कलकोट रोड)

दोन हप्त्यांचं माझ्या लक्षात नव्हतं, हे मान्य करतो. पहिले ३५ कोटी क्षमतेसाठी होते असं धरलं, तर त्यातले जेवढे खरंच कारखान्यांवर खर्च झाले तेवढ्यांवर कंपनीचा हक्क असेल. हिशेब दाखवून.

पण दुसरा हप्ता? तो आला तेव्हा दारात इतर लसींचे ढीग होते आणि कंपनीला ते दिसत होतं. तो पैसा कोणत्या तरी देशाच्या दवाखान्यासाठी होता. तो मी रोखच मागणार.

निर्यातवाला (एमआयडीसी)

दुसऱ्या हप्त्याचं तुमचं बरोबर, तो रोख जायला हवा होता. पहिल्यातला मात्र एक डॉलरही मी परत दिला नसता.