बोलेरो पिकअपच्या एच-४ हेडलाइटमध्ये बाय-एलईडी प्रोजेक्टर: वाटी कापावी लागते का?

रातपाळी
बोलेरो पिकअप, १२ व्होल्ट, कंपनीचे ६०/५५ वॅटचे एच-४ हॅलोजन (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये). गाडी नारायणगावहून टोमॅटो भरून माळशेजमार्गे वाशीला जाते, म्हणजे सगळं चालवणं रात्रीचंच. डिपरवर (लो बीमवर) उजेड पिवळट, डावी साइडपट्टी दिसत नाही. एलईडी बल्ब टाकून पाहिले तर समोरचे शिव्या घालतात. आता अडीच इंची बाय-एलईडी प्रोजेक्टर (एकाच लेन्समधून अप्पर आणि डिपर दोन्ही देणारा एलईडी दिवा) टाकायचा विचार आहे. रिफ्लेक्टरची वाटी कापावी लागते का? वायरिंग मूळ कपलरवर (बल्बमागे बसणाऱ्या वायरच्या सॉकेटवर) चालेल का? आणि लोड असताना उजेड वर जातो त्याचं काय करायचं?

तांब्याची_तार
प्रोजेक्टरचे पैसे मोजण्याआधी मल्टिमीटर लावा. इंजिन आणि डिपर चालू ठेवून आधी बॅटरीवर, मग बल्ब जोडलेला असताना कपलरच्या मागून व्होल्टेज बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर दोष वायरिंगचा. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं की उजेड जवळपास ३० टक्के पडतो.

इलाज स्वस्त आहे. ४० अँपिअरचे दोन रिले (छोट्या सिग्नलवर मोठा करंट जोडणारे स्विच), एक अप्परला (हाय बीमला), एक डिपरला. बॅटरीजवळच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ स्क्वेअर एमएम वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला. ८५-८६ ला जुन्या कपलरचा सिग्नल. अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची कडी) रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बसवा. निम्मी कामं इथेच फसतात. १००/९० चे बल्ब मात्र टाकू नका, होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर करपतो.

एलईडी बल्ब डोळ्यावर का येतो? एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याचा छोटा आडोसा असतो, त्यामुळे डिपरला रिफ्लेक्टरचा वरचाच भाग वापरला जातो. एलईडीची चिप आणि तिचा आडोसा एखाद्या मिलिमीटरने जरी हलला तरी कट-ऑफ, म्हणजे डिपरच्या उजेडाची वरची कड, फाटतो.

कटऑफ
वाटी कापू नका. या प्रोजेक्टरची आटेवाली शेपटी एच-४ च्या भोकातून मागे येते आणि वॉशर-नटने आवळली जाते. मापं दोन घ्या: लेन्सपासून पुढच्या काचेपर्यंतचं अंतर, आणि मागे हीटसिंक व पंख्याला मिळणारी जागा.

घेताना आरएचडी (उजवीकडे स्टीअरिंग असलेल्या गाड्यांसाठीचा) आहे ना, हे आधी विचारा. आपल्याकडे कट-ऑफची पायरी डावीकडे वर चढायला हवी. बाजारात उजवीकडे चढणारा मालही येतो. तो थेट समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि फिरवून दुरुस्त होत नाही.

हेडलाइट उघडताना बल्ब, रबर बूट, स्क्रू आणि क्लिपा काढून ओव्हनमध्ये १०० अंशांवर ८-१० मिनिटं. काच चिकटवणारा डिंक ब्युटाइल (मऊ रबरी) असेल तर सैल होतो. कडक पॉलीयुरेथेन असेल तर हट्ट करू नका, काचेचे कान तुटतात. रिफ्लेक्टरला बोट किंवा फडकं लावू नका, त्यावरचा ॲल्युमिनियमचा थर पुसला जातो.

नट हाताने आवळा, काच न लावताच हेडलाइट गाडीवर चढवा आणि भिंतीवर कट-ऑफ आडवा करा. शेवटचा पीळ देताना प्रोजेक्टर समोरून धरून ठेवा, नाहीतर नटासोबत तोही फिरतो. परत चिकटवायला नवी ब्युटाइलची दोरी. व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन टाळा, त्याच्या वाफेने रिफ्लेक्टर खराब होतो. हवेची भोकं बुजवली तर पावसाळ्यात आत बाष्प धरणारच.

वायरिंग मूळ कपलरवर सरळ जोडलं तर अप्पर मारल्यावर अंधार होईल. एच-४ मध्ये साधारणपणे अप्पर लागला की डिपरचा करंट तुटतो. बाय-एलईडीत मात्र दिवा दोन्ही वेळी चालू हवा, अप्पर फक्त आतला पडदा ओढतो. म्हणून बाय-प्रोजेक्टरसाठीचंच डायोडवालं (करंट एकाच दिशेने सोडणारं) हार्नेस, म्हणजे तयार वायरिंग, घ्या. आधी कपलर तपासा, काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे डायोडची दिशा उलटी लागते.

घाटरस्ता
लोडचं उत्तर: सेटिंग भरल्या गाडीवर करा. नेहमीचा माल, टायरमध्ये बरोबर हवा, सपाट जागा, भिंत १० मीटरवर. लेन्सच्या मध्याची उंची भिंतीवर खुणवा आणि कट-ऑफची सपाट बाजू त्याच्या १० सेंटिमीटर खाली आणा. मागचे पाटे बसून नाक १ अंश जरी उचललं तरी १० मीटरवर उजेड साडेसतरा सेंटिमीटर वर जातो. म्हणजे रिकाम्या गाडीवर केलेलं सेटिंग लोडमध्ये लेन्सच्याही वर. हॅलोजनला लोक चालवून घेतात, प्रोजेक्टरला नाही. केबिनमध्ये लेव्हलरची (उजेड वर-खाली करायची) चकती असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर परतीच्या रिकाम्या फेरीत उजेड जरा जवळ पडेल, तेवढं सोसा.

६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) निळ्या उजेडाच्या मागे लागू नका. ५००० च्या आसपासचा घ्या. ओल्या डांबरावर उजेड आरशावरून निसटावा तसा पुढे जातो, केल्विन वाढवून रस्ता उजळत नाही. माळशेजच्या धुक्याला खाली बसवलेले फॉग लॅम्पच हवेत.

पासिंग
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पासिंगला हरकत येऊ शकते, आणि ती धरून चाला. माझं मत: आधी रिले आणि मूळ वॅटेजचा चांगला बल्ब, मगच पुढचा विचार.

२४ व्होल्टचा ट्रक असणाऱ्यांनी वरचं जसंच्या तसं उचलू नये. रिले २४ व्होल्टचा लागतो, एलईडीला करंट पुरवणारं सर्किट (ड्रायव्हर) ९ ते ३२ व्होल्टचं. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढू नका, ती बॅटरी अर्धवट चार्ज राहून लवकर मरते.

रातपाळी
आज मोजलं. बॅटरीवर १३.८, बल्बवर १२.१. आधी रिलेच. पुढे प्रोजेक्टर टाकलाच तर मागचं रबर बूट हीटसिंकवर बसेल का? भोक पाडलं तर चालेल?

कटऑफ
भोक नको, तिथून पाणी शिरतं. त्याच व्यासाची खोल रबर टोपी मिळते, ती घ्या. वायर ग्रोमेटमधून (भोकात बसणाऱ्या रबरी कडीतून) काढा, आणि बाहेर येताच खाली वळवून मग वर न्या, म्हणजे पाणी त्या वळणावरूनच गळून जातं.