आजोबांची बुलेट कापू का? आणि चॉपरचं वेड जगाला अजून का आहे?

गोदाकाठ, गंगाखेड
आजोबांची १९८३ची बुलेट घरी आहे. ३५०, ओतीव लोखंडाचं इंजिन, गियर उजव्या पायाला. आठ वर्षं कापसाच्या खोलीत उभी होती, औंदा दिवाळीला बाहेर काढली. कार्बोरेटर धुतला, पॉइंट घासले, पाचव्या किकला बोलली. तेव्हापासून डोक्यात एकच आहे, हिची चॉपर करायची. पुढचं चाक लांब, हँडल उंच, मागं शॉकअप नाही. रात्र-रात्र जपान, स्वीडन, अमेरिकेतल्या गाड्या बघत बसतो. आई म्हणते, गाडीला हात लावायचा नाही. ज्या गाडीवर पाठ मोडते, जी वळवायला जड, तिच्यासाठी जग इतकी वर्षं का झुरतंय? आणि मी ही कापू का?

उदगीरकर
भाऊ, आधी कायदा. जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत मालकाला मनानं बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, कापली की आरसीवरची गाडी वेगळी अन् रस्त्यावरची वेगळी.

जालन्याचा वेल्डर
पोरा, तुमच्याकडं तण काढायचं सायकल कोळपं असेल. जुन्या सायकलचं पुढचं चाक, चिमटा अन् हँडल घ्यायचं, मागं पास, म्हणजे लोखंडी पातं, लावायची, उरलेली सायकल भंगारात. दर जूनला माझ्याकडं माणसं येतात आणि प्रत्येकाला हँडल स्वतःच्या उंचीचं पाहिजे असतं. चॉपरची सुरुवात अशीच आहे. चॉप म्हणजे तोडणं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी जड हार्ल्यांचे मडगार्ड कापले, नको ते सगळं उतरवलं. वजन गेलं, गाडी पळायला लागली. लांब फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचा चिमटा, तेव्हा नव्हता, ती हौस नंतरची.

मागं शॉकअप नसणं हीसुद्धा सुरुवातीला हौस नव्हती. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागचे शॉकअप १९५८ला आले. त्याआधीच्या चेसीत मुंडीपासून, म्हणजे हँडल अन् फोर्क जिथं चेसीत बसतात तिथपासून, मागच्या चाकापर्यंत नजर सरळ उतरत जाते. शॉकअप मिळाल्यावरही लोक जुन्या चेसी शोधत राहिले, ते त्या रेघेसाठी. मीपण तिच्यासाठीच वेडा आहे. इंजिन उघडं, नळ्या उघड्या, कुणी कुठं जोड दिलाय ते दिसतं. झाकायला काही नाही म्हणून काम चोख लागतं.

१९६९च्या 'ईझी रायडर' सिनेमानं चॉपर जगभर नेली. त्यातल्या गाड्या पोलिसांच्या लिलावातल्या जुन्या हार्ल्यांपासून केल्या होत्या. करणारे बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज, दोघे कृष्णवर्णीय. सिनेमात त्यांची नावं आली नाहीत, कितीतरी वर्षं लोकांना माहीतच नव्हतं. हे मला फार लागतं. उसाच्या किती ट्रॉल्या मी बांधल्या, प्रत्येकीवर मालकाचं नाव रंगवलेलं आहे.

बाकी देशांनी ती आपापली करून घेतली. स्वीडनमध्ये फोर्क बघत राहावा इतका लांब. जपानमध्ये योकोहामाला १९९२पासून डिसेंबरात प्रदर्शन भरतं. आपल्या दिल्लीत लष्करानं विकलेल्या हार्ल्यांना मागं बाकडी जोडून सवारीच्या फटफट्या केल्या होत्या. गाडी तीच, गरज वेगळी, हात वेगळा. दुकानातून पुरी होऊन आलेली चॉपर मला चॉपर वाटतच नाही.

आता कापण्याचं. फोर्क नुसता लांब केला की गाडीचं तोंड वर उचलतं, म्हणून मुंडीचा कोन पाडावा लागतो. साध्या गाडीत तो उभ्या रेषेपासून तीसेक अंशांच्या आत असतो, चॉपरला चाळीसच्या पुढंही नेतात. मुंडीच्या मधल्या रेषेत दोरी धरून जमिनीला टेकव. ती टेकते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. ते फार वाढलं की मोकळ्या रस्त्यावर गाडी रुळावर धरल्यासारखी जाते, पण मोंढ्याच्या गर्दीत हळू घेतली की हँडल एका अंगाला कोसळतं. तुझ्या बुलेटला इंजिन खालून धरणारा नळ्यांचा पूर्ण पाळणा नाही, इंजिन स्वतःच चेसीचा भाग आहे. पुढची नळी जरा वाकडी बसली की ताण इंजिनच्या बोल्टांवर.

२००४ला मी एका येझदीची मुंडी गॅसनं पाडली. चेसी मापात पकडून ठेवणारा साचा, जिग, नव्हता, दोऱ्यानं माप घेतलं. तिसऱ्या महिन्यात अंबड रस्त्यावर पाईप गेला. वेल्ड शाबूत होता, त्याच्या शेजारी, जिथं मी जास्त तापवलं होतं, तिथं तुटला. गाडीवर माझा धाकटा भाऊ होता. वेग कमी म्हणून जीव वाचला, गुडघा मात्र आजही पूर्ण वाकत नाही. तेव्हापासून रस्त्यावर जाणाऱ्या गाडीची मुंडी मी कापलेली नाही.

तू करवत लावू नकोस. हात शिकवायचा तर भंगारातली चेसी आण, तिच्यावर पाईप जोड, मोड, परत जोड. आजोबांच्या गाडीचं पान्यानं निघतं तेवढंच सोडव, साफ कर, पुन्हा बसव. एकट्याची स्प्रिंगवाली सीट शोध, जुन्या बुलेटला ती असायचीच. तेवढ्यानंही गाडीची रेघ दिसायला लागेल.

नांदेडची रायडर
उंच हँडलबद्दल माझा अनुभव. एका मैत्रिणीची तशी गाडी मे महिन्यात लातूरला नेली. हात खांद्याच्या वर, लोहा येईपर्यंत बोटांना मुंग्या. फोटोत मात्र फार सुंदर दिसते, ते खोटं नाही. काका, त्या येझदीचं पुढं काय केलंत?

जालन्याचा वेल्डर
ताई, तिची चेसी दुकानात टांगलीय. नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला तो तुटलेला पाईप बोटानं चाचपायला लावतो.

गोदाकाठ, गंगाखेड
काका, तुमचं सगळं आईला वाचून दाखवलं. पान्याच्या कामाला ती हो म्हणाली. आज सीट काढली. खाली कापडात गुंडाळलेला आजोबांचा प्लग पाना निघाला, कापड अजून तेलकट आहे. मागच्या मडगार्डचा एक बोल्ट सोडून बाकी सगळे सुटले. त्याच्यावर डिझेल टाकून ठेवलंय, सकाळी बघतो. परभणीत कुणाकडं स्प्रिंगवाली सीट असेल तर सांगा.