लॅम्डा पाय स्टुडिओत बसतोय, पण तो खरंच चालेल हे ओळखायचं कसं?

पायवाट यांचा प्रश्न:

मंडळी, लेगो टेक्निकचे भाग वापरून चालणारं यंत्र करायला घेतलंय. चाकं नकोत, पाय उचलून पुढे टाकणारंच हवंय. रशियन गणितज्ञ चेबिशेवनं १८७८च्या पॅरिस प्रदर्शनात जे चालतं यंत्र ठेवलं होतं, त्याची आकृती पाहिल्यापासून ते डोक्यातून जात नाही. त्याच्या पायाच्या ‘लॅम्डा’ यंत्रणेचं प्रमाण टेक्निकच्या भोकांवर जसंच्या तसं बसतं याचं मला फार अप्रूप वाटतं. स्टडमध्ये (शेजारच्या दोन भोकांमधलं ८ मिमी अंतर) सांगायचं तर क्रँक (गोल फिरणारी छोटी दांडी) २, दोन स्थिर टेकूंमध्ये अंतर ४, झुलती दांडी ५ आणि मोठी दांडी ५ अधिक ५. म्हणजे मोठ्या दांडीला ११ भोकांचा बीम (भोकांची पट्टी) घ्यायचा. त्याचं पहिलं भोक क्रँकला, सहावं झुलत्या दांडीला, अकरावं मोकळं. झुलत्या दांडीसाठी ७ भोकांचा बीम घेऊन त्याचं पहिलं आणि सहावं भोक वापरलं. कुठेही अर्ध्या स्टडची तडजोड नाही.

आता अडचण. स्टुडिओत (लेगो मॉडेल संगणकावर मांडायचा प्रोग्रॅम) एक पाय जोडून झालाय, सगळं छान बसतंय, टक्कर कुठेही दाखवत नाही. पण हिंज टूलनं क्रँक फिरवला की बाकीच्या दांड्या मागोमाग येत नाहीत, साखळी तुटते. मग हालचाल तपासायची कशी? आणि दुसरं, मोकळं टोक खाली करून त्यालाच पाऊल मानलं तर सरळ रेषेचा भाग वर जातो आणि परतीचा बाक त्याच्याही खाली येतो. म्हणजे पाऊल उचलायच्या वेळी ते जमिनीत रुतणार. हे कसं सोडवतात?

मला चारच पाय हवेत, कर्णातले दोन-दोन एकत्र उचलणारे.

---

अर्धा_स्टड:

हालचालच बघायची असेल तर मॉडेल एलड्रॉ (लेगो मॉडेलचा खुला फाइल-प्रकार) फाइल म्हणून बाहेर काढा आणि एलडीकॅड या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. त्यात लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहून भाग हलवता येतात. स्क्रिप्टमध्ये अंतरं एलडीयू या एलड्रॉच्या एककात द्यावी लागतात. एका स्टडचं अंतर २० एलडीयू, म्हणजे १ एलडीयू ०.४ मिमी. थोडी त्रिकोणमिती करावी लागेल, पण एकदा जमलं की अख्खा फेरा डोळ्यांसमोर दिसतो.

---

दातेचोवीस:

स्क्रिप्ट उत्तमच, पण या यंत्रासाठी त्याआधी चार स्थिती हातानं मांडून बघा असं मी आग्रहानं सांगेन. आकडे इतके सरळ येतात की कागदावरच काम होतं. क्रँकचा टेकू (०, ०) धरा आणि झुलत्या दांडीचा (४, ०), सगळं स्टडमध्ये. क्रँक झुलत्या दांडीच्या टेकूकडे वळलेला असेल तेव्हा मोकळं टोक (४, ९.८) वर. क्रँक सरळ वर: (८, ८). क्रँक टेकूच्या उलट दिशेला: (४, ८). क्रँक सरळ खाली: (०, ८). बघा, अर्धा फेरा टोक ८च्या उंचीवरून चालतं आणि उरलेल्या अर्ध्या फेऱ्यात वरून परत येतं. सरळ भागाची लांबी ८ स्टड म्हणजे ६४ मिमी, आणि परतीची उचल १.८ स्टड, साधारण १४ मिमी. मधल्या स्थितीतही टोक रेषेपासून स्टडच्या शंभराव्या भागांतच हलतं. टेक्निकच्या सांध्यांमध्ये जी ढिलाई असते तिच्यापुढे हे काहीच नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यांत आहे. टोक वरच राहू द्या. ते पाऊल नाहीच, पाय तिथून खाली लोंबतो. चेबिशेवच्या यंत्रातही तसंच आहे. पाय उभाच राहावा म्हणून पुढची आणि मागची अशी दोन सारखी यंत्रणा एकाच दिशेला तोंड करून लावायची, दोन्ही क्रँक एकाच कोनात ठेवायचे आणि दोन्ही टोकं एका आडव्या दांडीनं जोडायची. दांडी स्वतःला समांतर राहते, तिला घट्ट बसवलेले पायही. या सगळ्याला मिळून मी सांगाडा म्हणतो. पुढचा आणि मागचा क्रँक जोडायला ४० दात्यांची तीन गिअर एका ओळीत लावा. गिअरचं अंतर काढणं सोपं आहे, दोघांचे दाते मिळवून १६नं भागायचे. ४० आणि ४० म्हणजे ५ स्टड, तीन गिअर म्हणजे १० स्टड, आणि कडेची दोन्ही एकाच दिशेनं फिरतात. मग वरच्या दांडीला ११ भोकांचा बीम बरोबर पुरतो. पायाला १५ भोकांचा बीम घेतला तर पाऊल क्रँकच्या अक्षापासून ६ स्टड खाली येतं. क्रँक खाली २ स्टड जातो, गिअर अडीच स्टडच्या थोडं पुढे. पोटाखाली जागा उरते.

आता कर्णातल्या पायांबद्दल. कर्णात जोडायचं तर दोन सांगाडे यंत्राच्या पाठीवर एकमेकांना ओलांडतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला सरकत असतात. त्यांना वेगवेगळ्या पातळीवर न्यावं लागतं, वजन वर चढतं, आणि तरीही एका वेळी जमिनीवर दोनच पावलं. तोल त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवर सांभाळायचा! मी बाहेरचे दोन सांगाडे एकत्र आणि मधला एक १८० अंशांनी उलट असं करीन. बाहेरची चार पावलं टेकलेली असताना मधली दोन हवेत, मग उलट. मधली पावलं रुंद करा. सरळ भाग बरोबर अर्ध्या फेऱ्याचा आहे, त्यामुळे एक संच उचलतो त्याच क्षणी दुसरा टेकतो.

पण इथेच टक्कर लपलेली आहे, आणि स्टुडिओ ती आपणहून दाखवत नाही, कारण तो फक्त समोर मांडलेली स्थिती तपासतो. क्रँक सरळ खाली असताना मोठी दांडी (०, -२) पासून (०, ८) पर्यंत उभी असते, म्हणजे ती (०, ०) वरून, क्रँकच्या अक्षावरूनच जाते. बाहेरच्या सांगाड्यात क्रँक फिरवणारा दांडा म्हणजे अ‍ॅक्सल क्रँकपाशीच संपतो, म्हणून तिथे काही बिघडत नाही. मधल्या सांगाड्यात मात्र अ‍ॅक्सल आरपार नेला तर बीम त्याच्यावर आदळणार. तिथे अ‍ॅक्सल तोडून दोन्ही बाजूंना एकेक क्रँक आणि मध्ये बीम असा खरा क्रँकशाफ्ट करावा लागतो. अर्ध्या जाडीची ३ भोकांची लिफ्टआर्म (बीमसारखीच पट्टी), दोन्ही टोकांना अ‍ॅक्सलचं फुलीचं भोक असलेली, यासाठी नेमकी आहे.

म्हणून एका पायाच्या चार प्रती फाइलमध्ये शेजारी-शेजारी ठेवा, प्रत्येकीत क्रँक वेगळ्या दिशेला. झुलत्या दांडीचं वरचं टोक कुठे येतं हे शोधायला क्रँकपिन आणि मोकळं टोक यांचा मध्य काढला की झालं.

---

पायवाट:

चौथ्या स्थितीची प्रत मांडली. बीम खरंच अक्षावरून जातोय. चार पायांचा हट्ट सोडला, तीन सांगाडे करतो. मोटर आणि क्रँकमध्ये गिअरनं वेगाची किती घट ठेवू? वर्म (स्क्रूसारखा गिअर) लावू का?

---

टॅन_पिन:

वर्म लावलात तर २४ दात्यांच्या गिअरवर सरळ २४ पट घट मिळते आणि पाय दाबून मोटर उलटी फिरत नाही. पण अडकलं तर सगळा जोर कुठल्या तरी दात्यांवर येतो. मला ८ वरून २४ आणि पुन्हा ८ वरून ४० ही जोडणी आवडते, १५ पट घट होते आणि हातानं क्रँक फिरवून कुठे घासतंय ते बोटांना कळतं. त्यातला २४चा गिअर पांढरा क्लचवाला घ्या. तो ठरावीक जोरानंतर स्वतःच घसरतो.

पिनांकडे (बीम एकमेकांना जोडणाऱ्या खुंट्या) नीट बघा. स्टुडिओत काळी पिन आणि करडी पिन सारखीच बसते, दोन्ही चालतात असं वाटतं. काळीला घर्षणाच्या रेषा असतात, ती न हलणाऱ्या जोडांसाठी. फिरणाऱ्या सांध्यांना रेषा नसलेल्या घ्या, दोन लांबीची करडी किंवा तीन लांबीची टॅन (फिकट तपकिरी). तीन सांगाडे, प्रत्येकात दोन यंत्रणा आणि प्रत्येकीत तीन फिरते सांधे, वर आडव्या दांडीचे वेगळे. इतक्या ठिकाणी काळ्या पिना बसल्या तर मोटर आधी त्यांच्याशीच झगडणार. भागांची यादी बाहेर काढण्यापूर्वी सगळ्या पिना निवडून रंग तपासा.

आणि पूर्ण यादी मागवण्याआधी एका सांगाड्याचेच भाग जमवा. तो हातात धरून क्रँक फिरवा. वरची दांडी मध्येच अडखळली तर बहुतेक पुढचा-मागचा क्रँक एका दात्यानं पुढेमागे बसलाय. ४० दात्यांत एक दाता म्हणजे ९ अंश, डोळ्यांना पटकन दिसत नाही. दोन्ही क्रँक खाली करा, दोन्ही बीम उभे समांतर दिसले पाहिजेत.

---

पायवाट:

पिना बदलल्या, मधला क्रँकशाफ्टही तोडून केला. आधी बाहेरचा एकच सांगाडा जोडतो, मोटर नंतर. चालायला लागला की याच धाग्यावर फाइल टाकेन.